बसऱ्याला गेलेल्या शिपायाचा माग कसा काढावा?

कोकणवाट:
पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही' (बसरा म्हणजे इराकमधलं शहर) एवढीच आठवण उरलेल्या एका शिपायाचा शोध घ्यायचा आहे. हाताशी नाव, बापाचं नाव, गाव (तालुका खेड) आणि एक चांदीचं गोल पदक. वय विशीच्या आसपास. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं तर काहीच येत नाही. इंडिया गेटवर असेल का?

जुनं_दप्तर:
नाव राहू द्या, आधी पदक बघा. चांदीचं आहे म्हणजे बहुधा ब्रिटिश वॉर मेडल. बिगरलढाऊ 'फॉलोअर' लोकांना तेच काशाचं मिळायचं. त्याच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. चिंच लावून घासू नका, घासण्यानेच अक्षरं जातात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरा आणि पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढा. नंबर प्रत्येक पलटणीचे वेगळे असत, त्यामुळे पलटण कळल्याशिवाय नुसता नंबर कुचकामी.

सोबत 1914-15 चा स्टार (ताऱ्याच्या आकाराचं पदक) असेल तर तो 1915 संपायच्या आत आघाडीवर पोचला होता.

इंडिया गेटवर कोरलेली नावं तेरा हजारांवर आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि 1919 च्या अफगाण युद्धातली. तुमचा माणूस बसरा मेमोरियलच्या (आयोगाचं बसऱ्यातलं स्मारक) यादीत शोधा. तिथे मात्र भिंतीवर भारतीय शिपायांची नावं कोरलेली नव्हती, ती नोंदवहीत आहेत.

पलटणवेडा:
आयोगाच्या शोधात नाव न सापडण्याचं कारण स्पेलिंग. कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलंय: पवारचं 'पोवार', कदमचं 'कदुम'. एकच नाव असेल तर तेही आडनावाच्या रकान्यात बसवलंय. म्हणून आडनाव मोकळं सोडा. स्मारक 'बसरा', सैन्य 'भारतीय', पलटण, आणि जादा माहितीच्या रकान्यात तालुका टाका. तिथे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा मजकूर सापडतो. खेड पुणे जिल्ह्यातही आहे, तेव्हा 'रत्नागिरी' दिसल्याशिवाय खूश होऊ नका. निकाल फाइल म्हणून उतरवून घ्या, एक्सेलमध्ये चाळणं सोपं.

पलटण कळली की तारीख बोलायला लागते. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये होत्या. 1915 च्या नोव्हेंबरअखेरचा मृत्यू असेल तर टेसिफोनची (बगदादजवळची) लढाई बघा. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 म्हणजे कूतचा वेढा; तिथे तुर्कांनी वेढलेली ही डिव्हिजन शेवटी शरण गेली. त्यानंतरचा असेल तर कैदेतला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच भारतीय कैद्यांना रास अल-ऐनकडे (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामावर नेलं होतं. एक सावधगिरी: मराठा म्हणजे मराठा पलटणच असं नाही, सॅपर्समध्ये (खंदक-पूल बांधणारी तुकडी) आणि ग्रेनेडियर्स पलटणींमध्येही होते.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या आहेत (डब्ल्यूओ 95). त्यांत शिपायाचं नाव मिळेल ही आशा सोडा. गोरे अधिकारी नावानिशी, शिपाई आकड्यात. पण त्या दिवशी पलटण कुठल्या खंदकात होती ते कळतं.

तलाठी_सजा:
गावाकडचं राहिलंच. परदेशी मेलेल्याची नोंद गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत शोधून दिवस घालवू नका. नावावर जमीन असेल तर वारसाचा फेरफार बघा; मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीही तो घातलेला असतो. कोकणात मात्र खोताची जमीन कसणारं कूळ असेल तर तोही नसेल. मग जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. जन्मतारीख तिथे मिळाली तर मिळाली. गावात युद्धाची संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर किती गेले आणि किती मेले एवढेच आकडे असतात.

कोकणवाट:
टॉर्चने बघितलं. 110 आणि 'मराठा' स्पष्ट दिसतंय. नंबर चार आकडी, पहिले दोन 2 आणि 3, पुढचे घासलेले.

पलटणवेडा:
पुरे आहे. उतरवलेल्या फाइलीत 110 ची माणसं नंबरवार लावा, 23 ने सुरू होणारे चार आकडी तेवढे ठेवा, आणि बापाचं नाव व गाव जुळवा. दोन माणसं जुळली तर दोघांच्या मृत्यूच्या तारखा इथे टाका.