मदत हवी आहे : बागेत आलेल्या स्वयंसेवकांना काम कसे शिकवावे?

नमस्कार. राजापूरजवळ आमची दोन एकरांची बाग असून, यंदा मे महिन्यात राहण्याजेवणाच्या मोबदल्यात मदत करायला शहरातून चार तरुण-तरुणी आल्या आहेत. सगळेच मनापासून राबतात. परंतु घळाने (आंबे उतरवायच्या जाळी लावलेल्या लांब काठीने) हापूस उतरवताना देठ मुळापासून तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि फळावर काळे डाग पडतात. काल एकीच्या मनगटावर तोच चीक उडून फोड आले, याचे मला फार वाईट वाटले. आता रातांबेही (कोकमाची फळे) पिकले आहेत. ते फोडून, सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटे देत आमसुले पावसाआधी वाळवायची आहेत. नवख्यांना देठ राखून आंबा काढायला कसे शिकवावे आणि भर उन्हात कोणालाही न राबवता आमसुलांचे काम कसे वाटून द्यावे, हे अनुभवी बागायतदारांनी कृपया सांगावे.