'खडूस'ला इंग्रजी शब्द हवा आहे, आजच (मदत)

तिसरीघंटा
मंडळी, 'खडूस'ला इंग्रजीत नेमका शब्द काय? भाषांतराच्या ॲपने 'रूड' दिलाय, तो नको. रात्री फाईल द्यायची आहे. कृपया नुसता शब्द सांगा, चर्चा नको.

चकलीचा_सोऱ्या
चर्चा नको तर इथे कशाला आलात? :) खडूस कोण आहे? बॉस, सासू, रिक्षावाला? पूर्ण वाक्य टाका.

तिसरीघंटा
वाक्यात काही नाही हो. 'तुम्ही ना, फार खडूस आहात.' एवढंच.

माजी_मास्तर
डोळे मिटून 'कर्मजन' लिहा. म्हातारा, तिरसट, कुणाशी न पटणारा. या शब्दाचं मूळ आजही कुणाला ठाऊक नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात फ्रेंच 'कर मेशाँ', म्हणजे दुष्ट हृदय, असं मूळ दिलं आणि ही माहिती एका अनामिक पत्रलेखकाने कळवली, अशी पुढे नोंद केली. १७७५ साली जॉन ॲशने स्वतःचा कोश काढला. त्याने ती नोंद उचलली आणि छापलं काय, तर 'कर' म्हणजे अनामिक आणि 'मेशाँ' म्हणजे पत्रलेखक! गाईडमधून उतरवणाऱ्या पोरांना मी हा किस्सा दरवर्षी ऐकवायचो.

रिकामा_डबा
किस्सा भारी, मास्तर. पण 'कर्मजन' वाचून मला आपलं कर्म भोगणारा जन असंच वाटलं.

कट्ट्यावरचा
खडूस ही शिवी नाही हो, पदवी आहे. मुंबईचं क्रिकेट खडूस म्हणतात ते काय तिरसट म्हणून? विकेट फेकायची नाही, समोरच्याला एक धाव फुकट द्यायची नाही. ४२ रणजी करंडक असेच नाही आले. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५! 'डॉगेड' लिहा.

संत्र्याची_फोड
आणि २०२४-२५ च्या उपांत्य फेरीत काय झालं तेही सांगा ना. आमच्या विदर्भानं हरवलं आणि पुढे करंडकही नेला. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?

चकलीचा_सोऱ्या
झालं, गेला धागा मैदानावर.

तिसरीघंटा
क्रिकेटचा काही संबंध नाही!! तो माणूस सारखा चिडतो आणि प्रत्येक गोष्टीत वाईटच होणार म्हणतो. 'पेसिमिस्टिक' चालेल का?

उंबरठा
नाही चालणार. या दोन वेगळ्या जाती आहेत. लॅटिनमध्ये 'पेसिमुस' म्हणजे सर्वांत वाईट, त्यावरून पेसिमिस्ट. पाऊस येणार, मांडव पडणार, पाहुणे उपाशी जाणार, हे तो अगदी गोड आवाजातही सांगेल. खडूस माणसाला जगाबद्दल तक्रार असेलच असं नाही, त्याला फक्त तुम्ही नको असता. दोन्ही एकाच माणसात असतील तर सरळ दोन शब्द वापरा.

पंचांगवाले
'सॅटर्नाइन'! सॅटर्न म्हणजे शनी. शनीच्या अमलाखाली जन्मलेला माणूस उदास आणि कडवट, असं युरोपातले जुने ज्योतिषीही मानत. साडेसाती काही आपलीच मक्तेदारी नाही. जन्मवेळ कळवलीत तर पाहून सांगतो.

उंबरठा
कुणाची जन्मवेळ? शब्दाची?

माजी_मास्तर
पंचांगवाल्यांचा शब्द बरोबर आहे, पण वापरात कुठे आहे? त्यापेक्षा 'बिलियस' बघा. 'बाइल' म्हणजे पित्त. ग्रीक वैद्यकात चार रस, त्यात पिवळं पित्त वाढलं की माणूस संतापी आणि काळं वाढलं की उदास. 'मेलँकली'चा शब्दशः अर्थच काळं पित्त. आपण 'पित्त खवळलं' म्हणतो ते काय वेगळं आहे?

साधी_जिरेगोळी
पित्तावर मोरावळा. रोज सकाळी एक चमचा, आणि जागरण बंद. माझ्या दिरांचा स्वभाव निम्म्याने निवळला.

सलाईन
मी डॉक्टर आहे म्हणून लिहितोय. घरातलं वयस्कर माणूस अलीकडेच चिडचिडं आणि निराश झालं असेल तर त्याला स्वभाव समजून सोडून देऊ नका. म्हातारपणी नैराश्य कधीकधी रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं. थायरॉईडही तपासून घ्या.

तिसरीघंटा
डॉक्टर, तो नाटकातला आहे! एकांकिका आहे आमची. गणपतीत इथल्या मंडळात करतोय. पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवायच्या आहेत, निम्म्या मुलांना मराठी कळत नाही. एका ओळीत साधारण ४० अक्षरं मावतात. मोरावळा मावत नाही.

चकलीचा_सोऱ्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर? आणि 'इथल्या' म्हणजे कुठल्या?

तिसरीघंटा
इंग्लंड. त्याने काय फरक पडतो?

एडिसनकर
बराच पडतो. मी न्यू जर्सीहून 'मीन' सुचवणार होतो. आमच्याकडे मीन म्हणजे दुष्टपणे वागणारा. तुमच्याकडे तोच शब्द बहुतेक कंजूस म्हणून वाचतील. 'क्रँकी'चंही तसंच. आम्ही झोप न झालेल्या बाळालाही क्रँकी म्हणतो. ब्रिटनमध्ये तो शब्द विक्षिप्त अशा अर्थानेही चालत आलाय.

उंबरठा
आणि मुख्य राहिलंच. हे वाक्य म्हणतं कोण?

तिसरीघंटा
नात. आठ वर्षांची. आजोबांना म्हणते. मग आजोबा पहिल्यांदा हसतात, तोच तर प्रसंग आहे.

उंबरठा
अहो, मग कर्मजन बाद! आठ वर्षांची पोर कर्मजन म्हणाली तर प्रेक्षक आजोबांच्या आधी हसतील. 'ग्रँडॅड, यू आर सच अ ग्रम्प.' 'ग्रम्प' शब्दात राग आहे पण विष नाही. 'सर्ली' किंवा 'नॅस्टी' लिहिलंत तर आजोबांना हसताच येणार नाही.

माजी_मास्तर
नात असेल तर मान्य. कर्मजन शेजाऱ्याच्या तोंडी घाला.

तिसरीघंटा
शेजारी त्यांना 'रडतराव' म्हणतो. तो पण अडलाय, सांगायचं राहिलं.

लीड्सची_माई
'मिझरी गट्स'. आमच्या इथली शेजारीण नवऱ्याला रोज म्हणते, पाऊस असो वा ऊन. मोठ्यांनाही कळेल, मुलांनाही.

तिसरीघंटा
ग्रम्प बसलं! ओळीत १० अक्षरं उरली. मिझरी गट्स पण घेतलं. माई, मास्तर, उंबरठा, धन्यवाद. फाईल पाठवतेय.

पंचांगवाले
प्रयोग कोणत्या तारखेला आहे? राहुकाळ बघून पडदा उघडा.

कट्ट्यावरचा
डॉगेडच बरोबर होतं.

नवा_सदस्य_७
मायझर. इतक्या सोप्या शब्दाला एवढी चर्चा?