‘मोठं कुणी सोबत नाही का?’ : तरुण ग्राहकांचे अनुभव

बहुतेक देशांत अठरा पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो. त्याला करार करता येतो, कर्ज घेता येतं, आणि फसला तर निस्तरायचंही त्यालाच असतं. पण दुकानात, बँकेत, घरमालकासमोर हाच माणूस पुढची कितीतरी वर्षं ‘अजून लहान’ राहतो. पैसे मोठ्या माणसाएवढेच द्यायचे आणि वागणूक मात्र लहान मुलाची घ्यायची, असं का?

तुमच्यापैकी जे अठरा ते सव्वीस-सत्तावीस या वयात आहेत, किंवा ज्यांना ते वय अजून नीट आठवतं, त्यांनी लिहा. काउंटरच्या पलीकडे काम करणाऱ्यांनीही जरूर लिहा, तुमची बाजू मला खरोखर ऐकायची आहे. एकच विनंती: दुकानाचं, कंपनीचं नाव नको. झालं ते झालं तसं सांगा.

माझं मत आधीच सांगून टाकते. अन्याय होतो. पण वयावरून केलेला प्रत्येक फरक अन्याय नसतो, आणि ती रेषा कुठे ओढायची तेच मला या धाग्यातून शोधायचं आहे.

काजवा

लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. पैसे माझे, कमावलेले. काका सहज सोबत आले होते. प्रश्न मी विचारत होतो आणि विक्रेता उत्तरं काकांकडे बघून देत होता. रॅम पुढे वाढवता येईल का, हे मी विचारलं, त्याने काकांना सांगितलं, “तुम्ही काळजी करू नका साहेब, मुलांना एवढं पुरतं.” काका शेवटी म्हणाले, “अहो, गिऱ्हाईक तो आहे. मी नुसता सोबत आलोय.” त्यावर तो हसला. “हो, पण पैसे तर तुम्हीच देणार ना?”

आम्ही बाहेर पडलो. काकाच माझ्यापेक्षा जास्त चिडले होते.

खारूताई

काजवा, तुझं एका दुपारीच संपलं. आमचं वर्षभर चाललं.

मी आणि माझी मैत्रीण, दोघी नोकरी करणाऱ्या, भाड्याचं घर शोधत होतो. पगाराच्या पावत्या, नोकरीचं पत्र, सगळं तयार होतं. एजंटने कागद उघडलेसुद्धा नाहीत. “आईवडिलांशी बोलणं करून द्या.” करून दिलं. मग जामीन म्हणून वडिलांची सही हवी म्हणाले. तीही दिली, कारण घराची गरज होती. आमच्यासमोरच एक चाळिशीचे गृहस्थ घर बघून गेले. त्यांना फक्त किती माणसं राहणार एवढंच विचारलं. त्यांची मिळकत आमच्यापेक्षा जास्त असेलही, पण ती किती आहे हे तरी कुणी कुठे विचारलं?

राहायला गेल्यावर खरा त्रास सुरू झाला. भाडं दर महिन्याला आमच्या खात्यातून जायचं. पण मालकांना काही सांगायचं असलं की फोन माझ्या आईला. पाहुणे किती वाजता गेले, दिवा रात्री किती वाजेपर्यंत होता, हेही आईला. न्हाणीघरातली गळती आम्ही कळवली तर “तुम्ही मुलींनीच काहीतरी केलं असेल”, आणि तेच बाबांनी कळवल्यावर दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर. गळती तीच, घर तेच.

सोडताना अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले. आम्ही आत जाण्याआधीच प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना ईमेलने पाठवले होते. तेच फोटो पुन्हा पाठवले आणि कापलेल्या रकमेचा हिशेब लेखी मागितला. त्यानंतर बरीच रक्कम परत आली. मनात राहिलं ते मालकांचं बोलणं: “कायदे शिकवायला लागल्या आजकालच्या मुली.” आम्ही कायदा शिकवत नव्हतो. हिशेब मागत होतो.

वाटसरू

भाड्याच्या गाडीचा अनुभव. कामासाठी परदेशात होतो, सोबत एक वरिष्ठ सहकारी. गाडी माझ्या नावावर घेतली तर दर दिवसाला जादा आकार, कारण माझं वय पंचविशीच्या आत. त्यांच्या नावावर घेतली तर काहीच नाही. माझ्याकडे परवाना अठराव्या वर्षापासून आहे. त्यांनी तो चाळिशी ओलांडल्यावर, अगदी अलीकडे काढलेला. रस्त्यावर नवखं कोण? पण संगणकाला जन्मतारीख दिसते, सराव दिसत नाही.

नंतर वाचलं, तेव्हा कळलं की अमेरिकेत हे सर्रास चालतं आणि एकवीसच्या आतल्यांना तर पुष्कळ कंपन्या गाडीच देत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात मात्र अठरा पूर्ण झालेल्याला केवळ वयामुळे गाडी नाकारता येत नाही. जादा पैसे लावता येतात, दार बंद करता येत नाही. मला तो मार्ग निदान प्रामाणिक वाटला.

टेबलामागून

मी विमा क्षेत्रात आहे, त्यामुळे वाटसरूंना उत्तर देणं माझं काम समजतो.

नवे आणि तरुण चालक चालवलेल्या अंतराच्या मानाने जास्त अपघात करतात, ही गोष्ट देशोदेशीच्या आकड्यांत वर्षानुवर्षं दिसत आली आहे. हप्ता जास्त असतो तो त्यामुळे. त्यात द्वेष नाही. पण एका तरुणाला तो अन्याय वाटतो, तेव्हा तो चुकीचं बोलत नसतो. त्याने स्वतः काहीच केलेलं नसतं, तो त्याच्या वयोगटाचं बिल भरत असतो.

कॅनडात यावर मोठा खटला झाला होता. अपघाताची नोंद नसलेल्या एका तरुण, अविवाहित चालकाला जास्त हप्ता लावला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९२ साली निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला, कारण त्या काळी धोका मोजायला दुसरी व्यवहार्य माहिती उपलब्ध नव्हती. माझ्या मते ‘त्या काळी’ हे सगळ्यात महत्त्वाचं. आज गाडीतलं उपकरण किंवा साधा मोबाइल वेग, अचानक लावलेले ब्रेक, रात्रीचा प्रवास हे सगळं मोजू शकतो. वय हा अंदाज होता. आता प्रत्यक्ष मोजता येतं. मोजता येत असताना अंदाजावरच पैसे घेत राहणं मला पटत नाही, आणि ऑफिसातही मी हेच बोलतो. अर्थात त्यासाठी माणसाला आपला प्रत्येक प्रवास कंपनीला दाखवावा लागतो. ही किंमत लहान नाही, तेव्हा निवड ग्राहकाची हवी.

शून्यप्रहर

बँकेचं सांगतो. पतइतिहास (आधीच्या कर्जफेडीची नोंद) नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज मिळालं नाही म्हणून पतइतिहास नाही. यात वयाचा उल्लेख कुठेच नसतो, पण अडकतो कोण ते सगळ्यांना माहीत आहे.

अमेरिकेत कर्ज देताना भेदभाव करू नये म्हणून १९७४ साली कायदा झाला आणि १९७६ मध्ये त्यात वयाचाही समावेश झाला. मी आशेने वाचायला गेलो. तर पत मोजणाऱ्या गणितात वय वापरायला मुभा आहे, फक्त ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला त्याचा तोटा होता कामा नये. म्हणजे ज्येष्ठांना संरक्षण आहे (ते असायलाच हवं), तरुणांना त्या जागी नाही.

रेघोटी

सगळे ‘दार बंद’ होण्याबद्दल लिहीत आहेत. मला उलटं सांगायचं आहे. काही दारं आपल्यासाठी जरा जास्तच उघडी असतात.

माझ्या धाकट्या भावाने जिमचं सदस्यत्व घेतलं. “आज सही केली तरच हा दर”, समोर तीन माणसं, घरी विचारून येतो म्हटलं तर “एवढा मोठा झालास, अजून विचारावं लागतं?” म्हणजे नाकारायचं असेल तेव्हा आपण लहान आणि विकायचं असेल तेव्हा मोठे. मुदत संपल्यावर सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहतं हे बारीक अक्षरांत होतं. बंद करायचं तर लेखी अर्ज, तोही महिनाभर आधी. महागडे कोर्स हप्त्यावर विकणारेही हेच करतात. पहिल्यांदाच करार करणारा माणूस कसा ओळखायचा, हे त्यांना पक्कं शिकवलेलं असतं.

हा प्रकार मला अपमानापेक्षा जास्त गंभीर वाटतो. लॅपटॉपवाल्याने दुर्लक्ष केलं तर दुसरं दुकान आहे. सही झाल्यावर दुसरं काही नसतं. अमेरिकेत कॉलेजच्या आवारात भेटवस्तू वाटून मुलांना क्रेडिट कार्डं विकली जायची. २००९ च्या कायद्याने ते थांबवलं, आणि एकवीसच्या आतल्याला कार्ड द्यायचं तर त्याची स्वतःची फेडण्याची ऐपत किंवा जबाबदारी घेणाऱ्या दुसऱ्या कुणाची सहस्वाक्षरी बघणं बंधनकारक केलं. वयावरून केलेला हा फरक मी आनंदाने मान्य करते.

फुटपाथ

माझं थोडक्यात. आम्ही चार मित्र कपड्यांच्या दुकानात शिरलो की रक्षक मागे मागे फिरतो. बॅग आमच्याच तपासतात. त्याच दुकानात आजीबरोबर गेलो तर खुर्ची मिळते.

काउंटरपलीकडची

मी घड्याळांच्या दुकानात उभी असते. माझं स्वतःचं वय चोवीस, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं वाचताना मला दोन्ही बाजू एकदम दिसत होत्या.

आमचा मूळ पगार कमी आणि कमिशन जास्त. दारातून आत येणाऱ्या माणसाकडे बघून क्षणात ठरवायचं, हा घेईल की नुसता बघून जाईल. कपडे, बूट, वय. वरिष्ठ सांगतात, “पोरांमागे वेळ घालवू नकोस.” कुणी वाईट वागायचं ठरवून येत नाही, पगाराची रचनाच तसं वागायला लावते. पण माझा अनुभव वरिष्ठांच्या म्हणण्याशी जुळत नाही. पहिल्या पगारातून आईसाठी घड्याळ घ्यायला आलेली मुलं मी पाहिली आहेत. ती सगळी माहिती काढून येतात, ठरवून येतात आणि घेऊनच जातात. नीट वागवलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन येतात.

ज्यांच्या हातात आहे त्यांनी कमिशनची पद्धत बदलावी. विक्रेत्यांना नुसते शिष्टाचाराचे धडे देऊन काही होणार नाही.

आईच्या बाजूने

माझी मुलगी बावीस वर्षांची. तिच्या रक्ततपासणीचा अहवाल तयार झाला तेव्हा प्रयोगशाळेने फोन मला केला. अर्जावर तिने स्वतःचा नंबर दिला होता. माझा फक्त अडचणीच्या वेळी संपर्कासाठी होता. फोनवरच्या बाईंनी मला आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली. मी थांबवलं आणि म्हटलं, “हे तिला सांगा.” त्यांना मनापासून नवल वाटलं. “अहो, तुम्ही आई ना?”

आई आहे. म्हणूनच थांबवलं. काळजी आणि तिच्या खासगी गोष्टीत परस्पर शिरणं यात फरक आहे.

तटस्थ नाही

मी थोडा विरोधात लिहितो. तरुणांना सवलती मिळतात त्यांचं काय? प्रवासात, संग्रहालयात, सॉफ्टवेअरमध्ये. तेव्हा वयावरून फरक चालतो! टिंडर या डेटिंग ॲपने तिशीच्या पुढच्यांना जास्त दर लावला होता. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१८ साली तो वयावरून केलेला मनमानी भेदभाव ठरवला. तिथे फायदा तरुणांचा होता.

धागाकर्ती

‘तटस्थ नाही’, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला बगल द्यायची नाही. सवलत दारावर लिहिलेली असते. ती का आहे हे विचारता येतं, आणि तुम्ही सांगितलं तसं न्यायालयातही जाता येतं. रक्षकाचं मागे फिरणं, एजंटने कागद न उघडणं हे कुठेच लिहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून सेवा देताना अठरा वर्षांवरच्या कुणाशीही केवळ वयामुळे वाईट वागणं बेकायदा आहे, सवलतींना त्यात वेगळी मोकळीक आहे आणि विमा-कर्जासारख्या सेवांनाही, पण धोका ठरवताना विश्वासार्ह माहितीचा आधार हवा. मला रेषा साधारण तिथेच ओढावीशी वाटते: फरक करा, पण उघड करा आणि आधार दाखवा.

नाहीतर गोष्टी कुठवर जातात पाहा. ब्रिटनमध्येच २००५ च्या सुमारास ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र बाजारात आलं. साधारण १७ किलोहर्ट्झचा कर्कश आवाज. वय वाढेल तशी ऐकण्याची ती पट्टी क्षीण होत जाते, म्हणून त्रास मुख्यतः तरुणांना. ते दुकानांबाहेर लावलं गेलं, टोळकी जमू नयेत म्हणून. दंगा करणारा आणि निमूट बसची वाट बघणारा, दोघांच्याही कानात तोच आवाज. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने २०१० मध्ये त्यावर बंदीची मागणी केली.

वहीतलं पान

उपयोगाचं काही लिहिते. तक्रार फोनवर केली की माझा आवाज ऐकून समोरचा लगेच अरे-तुरेवर येतो आणि समजूत घालायला लागतो. म्हणून आता सगळं लेखी. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, काय बिघडलं, मला नेमकं काय हवं (दुरुस्ती, बदल की पैसे परत) आणि कधीपर्यंत उत्तर हवं. वय, कॉलेज, ‘मी विद्यार्थिनी आहे’ यातलं काही लिहीत नाही. तक्रारीशी त्याचा संबंध नसतो. उत्तरात “आदरणीय मॅडम” येतं आणि कामही होतं.

खारूताईंनी भिंतींचे फोटो आधीच पाठवून ठेवले, ते मी माझ्या धाकट्या बहिणीला आजच सांगितलं. ती पुढच्या महिन्यात घर बघतेय. खारूताई, जामीनपत्रात वडिलांची जबाबदारी किती रकमेपर्यंत आणि कधीपर्यंत, हे लिहून घेतलं होतं का? तिला तेच विचारायचं आहे.