गौरीला तेरडा मुळासकटच हवा का?

सडेकरीण, राजापूर
काल बाजारात टेम्पोभर तेरडा उतरताना पाहिला. मुळं, माती, कोवळ्या शेंगा, सगळं तसंच. आमच्या घरामागच्या सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा, उतार भाद्रपदात गुलाबी-जांभळा व्हायचा. आता कातळाच्या कडेला चार रोपं दिसतात. तेरड्याला कंद नसतो, पुढच्या पावसात फुटायला मागे काहीच उरत नाही. आहे ते बी. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते, बी चार हातांवर उडतं आणि मृगात रुजतं. त्याआधीच रोप गेलं तर तिथला तेरडा संपला. गौर आणा, पण वरून कापून.

गुहागरकर
ताई, कापलेली गौर आमच्याकडे चालत नाही. तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं. पावलांशिवाय ती घरात येणार कशी? माहेरवाशिणी पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरून अशीच आणतात, त्यानं तेरडा संपला नाही. सडे जेसीबीनं फोडून, बाहेरची माती ओतून आंब्याची कलमं लावतात, ते बघा आधी. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, लिहिलं की कुणी विचारत नाही.

सडेकरीण, राजापूर
पावलांचं मला ठाऊक आहे, माझ्या सासरीही तेच मानतात. पण तुम्ही सांगताय ती घरटी एक जुडी. मी टेम्पोबद्दल बोलतेय.

हापूसवाला
सडा आमच्या मालकीचा आहे. कलमं लावली नाहीत तर पोरं मुंबईला जातात, फुलांवर घर चालत नाही. आणि तेरडा बागेच्या दगडी गडग्यालाही उगवतो, एवढी काळजी नको.

सडेकरीण, राजापूर
तेरडा उगवेल हो दादा. पण सीतेची आसवं आणि गेंद ही सड्यावरची इवली फुलं कातळावरच्या बोटभर ओल्या मातीतच जगतात. तिथे डंपरभर माती पडली की ती परत दिसत नाहीत. पोटापाण्याचं मी नाकारत नाही. सगळा सडा फोडू नका, पाणी साचतं तो भाग तरी सोडा.

गुहागरकर
यंदा परसात बी टाकतो. पण सड्यावरची एक जुडी आणणारच. परसातली गौर 'आली' असं आईला वाटत नाही.

सडेकरीण, राजापूर
आणा की. वर फुलं असतात तेव्हा खालच्या काही शेंगा फुगलेल्या असतात. अशीच रोपं निवडा, आणि उपटण्याआधी त्या शेंगा तिथेच फोडा.