नॅश समतोल असतोच, तर तो शोधणे अवघड का?

प्रश्न (एम.एस्सी. गणित, नागपूर)

खेळाडू आणि प्रत्येकाचे पर्याय मर्यादित असतील, तर मिश्र व्यूहांचा (म्हणजे प्रत्येक पर्याय ठरावीक संभाव्यतेने निवडण्याचा) किमान एक समतोल, म्हणजे एकट्याने निवड बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशी स्थिती, असतोच, हे गणिती जॉन नॅश यांनी १९५० साली सिद्ध केले. ते समजून घेण्यासाठी मी एक उदाहरण रचले. तर्री-पोह्यांचे दोन ठेले रोज सकाळी सीताबर्डी किंवा धरमपेठ यांपैकी एक जागा निवडतात. दोन्ही सीताबर्डीला लागले तर पहिला दुसऱ्याचे ३०० रुपयांचे गिऱ्हाईक ओढतो, दोन्ही धरमपेठेत लागले तर १०० रुपयांचे. जागा वेगळ्या असतील तर कोणाचेच काही जात नाही. समतोल दोन ओळींत निघाला. मग हा प्रश्न अवघड का मानतात, आणि त्याला एनपी-पूर्ण (उत्तर झटपट तपासता येते अशा प्रश्नांपैकी सर्वांत अवघड) का म्हणत नाहीत?

उत्तर १

पहिला ठेला सीताबर्डीला जाण्याची संभाव्यता क्ष मानू. समतोलात दुसऱ्याचा सरासरी तोटा दोन्ही जागी सारखाच हवा, म्हणून ३००क्ष = १००(१ − क्ष), म्हणजे क्ष = १/४. कमाई जास्त तेथेच तो कमी वेळा जातो, कारण दुसरा ठेला नेमकी तीच जागा टाळतो. हे आपण पडताळून पाहिले असेलच. मात्र हा शून्य-बेरजेचा खेळ आहे. अशा खेळांचे प्रमेय फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये दिले, आणि ते कितीही मोठे असले तरी लिनियर प्रोग्रॅमिंगने (रेषीय अटी पाळून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या पद्धतीने) सुटतात, ज्याला बहुपदी वेळ (प्रश्नाच्या आकाराच्या एखाद्या ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढणारा) पुरतो हे खाचियान यांनी १९७९ मध्ये दाखवले. एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा, ही अट काढली की हा मार्ग बंद होतो.

उत्तर २

अट काढल्यावर अडचण कोठे येते ते सांगतो. दोन्ही खेळाडू कोणते पर्याय शून्याहून अधिक संभाव्यतेने वापरतात एवढे कळले, तर उरलेले काम रेषीय असमानतांचे, म्हणजे सोपे आहे. पण प्रत्येकाकडे २० पर्याय असतील तर अशा संचांच्या जोड्या सुमारे १.१ लाख कोटी होतात. लेम्के आणि हाउसन यांचा १९६४ चा अल्गोरिदम सगळ्या जोड्या न तपासता, या असमानतांनी बनणाऱ्या आकृतीच्या एका कोपऱ्यावरून पुढच्या कोपऱ्यावर सरकतो आणि व्यवहारात बहुधा लवकर पोहोचतो. तरीही त्याला घातांकी (आकाराबरोबर पटीपटीने वाढणाऱ्या) पायऱ्या लागतील असे खेळ सवानी आणि फॉन स्टेंगेल यांनी २००४ मध्ये रचून दाखवले.

प्रश्नकर्ती

धन्यवाद सर. एनपी-पूर्णतेचा भाग अजून उलगडलेला नाही.

उत्तर ३

एनपी-पूर्ण प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असते. येथे ‘समतोल आहे का’ याचे उत्तर नेहमीच ‘हो’. म्हणूनच पापादिमित्रिऊ यांनी १९९४ मध्ये अशा, उत्तर असतेच पण शोधावे लागते, प्रश्नांसाठी पीपीएडी हा वेगळा वर्ग मांडला. एक प्रचंड आलेख घ्या, ज्याच्या प्रत्येक बिंदूत जास्तीत जास्त एक बाण येतो आणि एक निघतो. एक टोक दिले, तर दुसरे टोक असलेच पाहिजे; ते शोधायचे. पण संपूर्ण आलेख हाती नसतो, फक्त शेजारचा बिंदू काढण्याचा नियम असतो. नॅश समतोल शोधणे या वर्गात पूर्ण, म्हणजे वर्गातल्या सर्वांत अवघड प्रश्नांइतकेच अवघड, आहे, हे दास्कलाकिस, गोल्डबर्ग आणि पापादिमित्रिऊ यांनी, आणि दोन खेळाडूंपुरते चेन आणि देंग यांनी, २००६ च्या सुमारास सिद्ध केले. बहुपदी अल्गोरिदम सापडलेला नाही, आणि तो असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. प्रश्न जरासा बदलून ‘दुसरा समतोल आहे का’ असे विचारले, तर मात्र तो एनपी-पूर्ण होतो. हे गिल्बोआ आणि झेमेल यांनी १९८९ मध्येच दाखवले होते.