एकाच मेनूवर अरेपा आणि पाएया
अमेरिकेत मायामीजवळच्या डोरल शहरातल्या एका नव्या हॉटेलात व्हेनेझुएलाचे आणि स्पॅनिश पदार्थ एकाच मेनूवर आहेत. हे एकत्र कसे, असा प्रश्न पडू शकतो. ही सरमिसळ जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पेनमधून, विशेषतः कॅनरी बेटांवरून, हजारो लोक पोटासाठी व्हेनेझुएलात गेले. त्यातले कित्येक पुढे परतले ते अरेपा, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, घेऊनच. आज कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेत ठिकठिकाणी अरेपाची दुकानं दिसतात.

तेव्हा सुरुवात अरेपानेच करा. आधी शिजवून दळलेल्या मक्याच्या पिठाची ही छोटी, जाड भाकरी, मधोमध चिरून आत सारण भरतात. शाकाहारी असाल तर 'दोमिनो' घ्या, त्यात काळा घेवडा आणि किसलेलं पांढरं चीज असतं. चिकन चालत असेल तर ॲव्होकाडो घातलेली 'रेइना पेपियादा'. १९५५ची मिस वर्ल्ड सुसाना दुइम हिच्या सन्मानार्थ ती पहिल्यांदा केली गेली. गार झाली की अरेपा घट्ट होते, म्हणून आधी खा, मग गप्पा.

स्पॅनिश पदार्थ मागवताना मात्र विचारून घ्या. बटाट्याच्या तोर्तियात, म्हणजे स्पॅनिश ऑम्लेटमध्ये, अंडं असतंच, क्रोकेता या तळलेल्या गोळ्यांत बरेचदा हॅम असतं. पाएया या स्पॅनिश भाताला अर्धा तास लागेल म्हणाले तर खुशाल थांबा, भात ताजा शिजतोय.