चित्रातली स्त्री 'उपेक्षित' की 'वंचित'?

प्रश्न : ठाण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून चित्रांवर बोलतो. पुढच्या बैठकीच्या टिपणात मी 'वास्तववादी चित्रांतील उपेक्षित स्त्रिया' असे लिहिले होते. एका ज्येष्ठ सदस्यांनी 'उपेक्षित' खोडून 'वंचित' केले. हे शब्द समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत. 'उपेक्षा'मध्ये 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, हा धातू आहे. निरीक्षण, परीक्षा, प्रतीक्षा यांतही तोच आहे. म्हणून उपेक्षित म्हणजे समोर असूनही जिच्याकडे पाहिले गेले नाही ती. 'वंचित' आपण आज 'मुकलेली' एवढ्या सौम्य अर्थाने वापरतो, पण वंचना म्हणजे फसवणूक.

फ्रेंच चित्रकार मिलेच्या १८५७ च्या 'सरवा वेचणाऱ्या' या चित्रात तीन बायका वाकून सरवा वेचताना दिसतात. (कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे म्हणजे सरवा, शहरात हा शब्द कानावर येत नाही, पण चित्राच्या नावासाठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.) मागे दूरवर उंच गंजी रचल्या आहेत आणि घोड्यावरचा मुकादम देखरेख करतो आहे. पीक भरघोस आहे, पण ते यांचे नाही, या वंचित.

एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या 'ऑलिंपिया' या चित्राची गोष्ट निराळी. १८६५ मध्ये पॅरिसच्या सलों या अधिकृत चित्रप्रदर्शनात प्रेक्षक भडकले ते पलंगावरच्या गोऱ्या वारांगनेच्या थेट नजरेमुळे. तिच्यामागे फुले घेऊन उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय दासीसाठी जी स्त्री बसली, तिचे लॉर हे नाव मानेच्या वहीत आहे. तरीही समीक्षकांनी वारांगनेवर पानेच्या पाने लिहिली आणि दासीला शतकभर जवळजवळ वगळले. 'उपेक्षित' हा शब्द खरा तिचा.

प्रश्न : आणि 'वास्तववादी'?

उत्तर : तिथेही गल्लत होते. हुबेहूब रंगवणे ते वास्तवदर्शी. राजा रविवर्म्याच्या देवता तशा आहेत, पण त्यांना वास्तववादी म्हणता येणार नाही. फ्रेंच चित्रकार कूर्बेने १८५५ मध्ये स्वतःचा वेगळा मंडप उभारून ज्या नावाखाली चित्रे मांडली, तो वास्तववाद मुळात कोणाला रंगवायचे याविषयीचा आग्रह होता. उद्या कोणी नवी मुंबईतल्या कचरावेचक बायका रंगवल्या, तर चित्र वास्तववादी आणि बायका वंचित म्हणाव्यात. 'उपेक्षित' मात्र चित्र पाहणाऱ्यांचे वागणे बघूनच लिहावे.